'वॉशिंग्टन' या नावाचा अर्थ काय? (गावनाव आणि आडनाव)

गावकूस

शेजारच्या धाग्यावर कुणीतरी 'वॉशिंग्टन म्हणजे धुणं धुण्याची जागा' असं ठोकून दिलं आणि त्याला चार +१ही पडले. ते चूक आहे. का चूक आहे हे तिथे लिहिलं तर मूळ विषयाचं वाटोळं होईल, म्हणून हा वेगळा धागा.

वॉशिंग्टन हे मुळात इंग्लंडमधल्या गावाचं नाव. त्यातही एक नाही, दोन गावं. एक ईशान्येला, जुन्या डरहॅम परगण्यात, वेअर नदीजवळ. आज ते संडरलंड शहराच्या हद्दीत येतं आणि १९६४ पासून त्याच्या अवतीभवती नवं नगर वसवलं गेलं. दुसरं पार दक्षिणेला वेस्ट ससेक्समध्ये, डोंगरपायथ्याचं छोटं खेडं. जॉर्ज वॉशिंग्टन यांचं आडनाव आलं ते पहिल्या, म्हणजे डरहॅमकडच्या गावावरून.

नावाचे तुकडे तीन. शेवटचा 'टून', मधला 'इंग' किंवा 'इंगा', आणि सुरुवातीला एका माणसाचं नाव: वॉसा किंवा ह्वॅसा. (जुन्या इंग्रजीतला तो स्वर देवनागरीत नीट बसत नाही, चालवून घ्या.)

'टून' म्हणजे आधी कुंपण, मग कुंपणाच्या आतली जागा, मग शेतवाडी, मग वस्ती, आणि शेवटी आजचा टाउन. जर्मनमध्ये त्याचाच भाऊ 'त्साउन' अजून कुंपणच आहे. डचमध्ये तोच शब्द बागेसाठी वापरतात. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, कारण 'वाडी' शब्दाने हाच प्रवास केलाय: संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण किंवा आवार, त्यातून नारळाची वाडीही आली आणि सावंतवाडीही.

'इंगा' म्हणजे अमक्याची माणसं, त्याचं गणगोत. तेव्हा वॉशिंग्टन म्हणजे 'वॉसाच्या माणसांची वाडी'. धोबीघाट नव्हे.

---

तिरपाकडा

वॉसा नावाचा माणूस होता याला पुरावा काय? गावाच्या नावात जे समजत नाही ते कुणातरी माणसाच्या अंगावर ढकलायचं, ही युक्ती आपल्याकडेही चालते. पाटण पाटणोजीने वसवलं, छाप. आणि गाव नदीजवळ आहे म्हणता, मग पाण्याशी संबंध का नसावा?

---

पाणंद

तिरपाकडा, शंका रास्त आहे. दोन्ही मुद्दे वेगळे करून सांगतो.

पाण्याचा आधी. जुन्या इंग्रजीत 'वॅसे' असा शब्द होता. अर्थ धुणं नाही. नदीकाठची अशी सखल जमीन, जिथे पूर झपाट्याने चढतो आणि तितक्याच झपाट्याने ओसरतो. स्टॅफर्डशरमधलं ऑलरवॉस म्हणजे आल्डरच्या झाडांची अशी जमीन. श्रॉपशरमधलं बिल्डवॉस सेव्हर्न नदीच्या काठी आहे, त्यातही तोच शब्द. आता यात शब्द कुठे बसलाय ते पाहा: शेवटी. इंग्रजी गावनावात मुख्य शब्द शेवटी येतो आणि त्याचं विशेषण आधी. हा शब्द पहिल्या जागी आला आणि त्याला 'इंगा' जोडलं, तर 'पूरजमिनीच्या माणसांची वाडी' असं काहीतरी होईल. व्याकरणाने अशक्य म्हणता येणार नाही, पण नेहमीची बांधणी ती नव्हे. 'इंगा'च्या आधी साधारणपणे माणूसच असतो.

आता माणसाचा. वॉसाचा शिलालेख नाही, वंशावळ नाही. कोशकार अशा नावापुढे तारांकन घालतात, म्हणजे 'हे रूप स्वतंत्र नोंदीत सापडलेलं नाही, गावनावावरून बांधलेलं आहे'. तारांकनाचा अर्थ मनाला येईल तसं असा होत नाही. त्या काळच्या माणसांच्या छोट्या नावांची एक ठरावीक घडण होती, शेवटी 'आ', मधलं व्यंजन बऱ्याचदा दुहेरी. वॉसा त्या साच्यात बसतो. पाटणोजी कुठल्याच साच्यात बसत नाही, हा फरक.

---

हिरवाचाफा

पण मग प्रत्येक '-इंग्टन' म्हणजे कुणाच्या तरी माणसांची वाडी असं धरायचं का? हंटिंग्डन, अ‍ॅबिंग्डन?

---

पाणंद

चाफाताई, नेमका सापळा दाखवलात. त्या दोन्हींत 'इंग'ही खोटा आहे आणि 'टून'ही नाही.

हंटिंग्डनचं जुनं रूप 'हुंटनडून'. हुंटा म्हणजे शिकारी (किंवा त्याच नावाचा माणूस), 'हुंटन' ही त्याची षष्ठी, 'डून' म्हणजे टेकडी. शिकाऱ्याची टेकडी. 'अन'चा 'इंग' पुढे लोकांच्या जिभेवर झाला. अ‍ॅबिंग्डनही तसंच, अ‍ॅबा नावाच्या व्यक्तीची टेकडी. विम्बल्डनच्या शेवटीही डून आहे, टून नाही. आणि बोस्टनमध्ये टूनही नाही, डूनही नाही: बोटुल्फचा दगड, 'स्टोन' झिजून 'स्टन' राहिला.

आजचं स्पेलिंग पाहून अर्थ लावायला बसलं की हमखास फसगत होते, ती अशी.

---

जुनाखत

पाणंद यांच्याच मुद्द्याला जोडून, काम प्रत्यक्षात कसं करतात ते लिहितो. बरेच जण 'अर्थ' असा शोध मारून पहिल्या संकेतस्थळावरचं वाक्य उचलतात, म्हणून सविस्तर.

गावाची जितकी जुनी रूपं मिळतील तितकी आधी सनावळीने मांडायची. रूपासोबत दोन गोष्टी लिहायच्याच: कागद कुणी लिहिला, आणि हातात मूळ कागद आहे की नंतरची नक्कल. ससेक्सच्या वॉशिंग्टनचं दहाव्या शतकातलं रूप आहे 'वेसिंगाटून', मग १०८६च्या डूम्सडे पाहणीत (राजाने करवलेली इंग्लंडमधल्या जमिनींची नोंद) 'वासिंगेट्यूने'. पहिल्या रूपात मधला 'इंगा' स्वच्छ शाबूत आहे, तो 'आ' अजून ऐकू येतो. 'माणसांची' हा अर्थ त्या एका 'आ'वर उभा आहे.

डरहॅमच्या गावाला ही चैन नाही. तिथलं नेहमी दिलं जाणारं जुनं रूप ११८३चं: 'वॅसिंग्टोना'. तोवर मधला स्वर गळून गेलेला. त्यामुळे तिथे 'वॉसाच्या माणसांची' की नुसतं 'वॉसाकडची' वाडी, हे स्पेलिंग एकटं ठरवू शकत नाही. शेवटचा 'आ' पाहून फसू नका, ती लॅटिनची शेपटी आहे. कारकून लॅटिनमध्ये लिहीत होता आणि गावाला विभक्ती लावायला त्याला शेपटी हवी होती.

डरहॅमचं रूप इतकं उशिराचं का? कारण डूम्सडेची पाहणी डरहॅम आणि नॉर्दम्बरलंडमध्ये झालीच नाही. जवळपास शंभर वर्षांनी, ११८३ मध्ये, डरहॅमचे बिशप ह्यू द पुइसे यांनी आपल्या जमिनींची स्वतंत्र यादी करवून घेतली. तिला बोल्डन बुक म्हणतात. तीही मूळ उरलेली नाही, नंतरच्या नकलाच आहेत. म्हणजे '११८३चं रूप' म्हणताना नक्कलकाराच्या हाताची शक्यता धरून चालायचं.

ही सगळी रूपं परगणावार छापलेली मिळतात. इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी १९२३ पासून तेच काम करते आहे. शेवटची पायरी नकाशाची. नावात टेकडी निघत असेल तर तिथे टेकडी आहे का ते बघायचं. ओढा म्हणत असाल तर ओढा दाखवा. माणसाच्या नावाला मात्र नकाशा कामाचा नाही, आणि म्हणूनच तिरपाकडा म्हणतात तसं ती पळवाट होऊ शकते. आधी जमिनीवरचा अर्थ तपासून तो बसत नसेल तरच माणसाकडे यायचं.

---

मोडीवाचक

लॅटिनच्या शेपटीवरून आठवलं. आपल्याकडे पुण्याचं हेच होतं. आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट ताम्रपटांत 'पुण्यविषय' आणि 'पूनकविषय' अशी दोन रूपं आहेत ('विषय' म्हणजे प्रांत). लोक 'पुण्य' बघतात आणि लगेच पावन भूमीवर येतात. ताम्रपट लिहिणाराही संस्कृतचा कारकूनच होता, गावाच्या बोलीतलं नाव त्याने संस्कृतात बसवलं. डरहॅमच्या कारकुनाने 'टोना' केलं, यात आणि त्यात मला तरी फरक दिसत नाही.

---

जुनाखत

अगदी. आणि खुद्द डरहॅम नावातच सगळ्यात चांगला धडा आहे. शेवटी 'हॅम' दिसतो, म्हणून बर्मिंगहॅमसारखं 'गाव, घर' असं वाटतं. जुनं नाव 'डूनहोल्म': डून म्हणजे टेकडी, आणि होल्म हा स्कॅन्डिनेव्हियन शब्द, अर्थ बेट. नदीने तीन बाजूंनी वेढलेला तो उंचवटा आजही तसाच आहे, वर कॅथीड्रल. नॉर्मन लोकांच्या तोंडी त्याचं 'ड्यूरेम' झालं, आणि ते परत इंग्रजीत येताना 'डरहॅम'. 'न'चा 'र' नॉर्मनांनी केला. हॅम कधी नव्हताच.

---

कोनाडा

गावाचं समजलं. आडनावाचं काय? डरहॅमच्या गावातले सगळेच वॉशिंग्टन झाले का?

---

गावकूस

नाही, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो.

बोल्डन बुकमध्ये एक नोंद आहे. विल्यम द हर्टबर्न ('द' हा फ्रेंच, म्हणजे 'हर्टबर्नचा') नावाच्या सरदाराकडे वॉशिंग्टन गाव आहे, चर्च आणि चर्चची जमीन सोडून. हर्टबर्न हे गाव बिशपला देऊन त्याच्या बदल्यात त्याने हे घेतलंय. त्यापोटी तो वर्षाला ४ पौंड भरतो आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला ४ शिकारी कुत्रे घेऊन जातो.

एवढीच नोंद. म्हणजे आधी याचं 'आडनाव' हर्टबर्न होतं, कारण तो हर्टबर्नचा होता. गावांची अदलाबदल झाली आणि घराण्याचं नाव 'द वेसिंग्टन' झालं. ते काही अजून आडनाव नव्हे, पत्ता होता. पत्ता बदलला, नाव बदललं. पुढच्या पिढ्यांत ते गोठलं. 'द' गळालं, 'वेसिंग्टन'चा 'वॅसिंग्टन' झाला, 'स'चा 'श' झाला, आणि घराणं गाव सोडून गेल्यावरही नाव चिकटून राहिलं.

हर्टबर्नचा अर्थ 'सांबराचा ओढा'. हेओरोट म्हणजे नर हरीण, बुर्ना म्हणजे ओढा. ही अदलाबदल झाली नसती तर अमेरिकेची राजधानी 'सांबरओढा' असती.

---

मोडीवाचक

म्हणजे आपलं 'कर'. मंगेशीचे ते मंगेशकर.

---

गावकूस

हो, फक्त दोन फरक आहेत. आपला 'कर' नावात दिसतो, त्यामुळे सातारकर आडनाव ऐकलं की हे गावावरून आलंय याची शंका राहत नाही. इंग्रजीतला 'द' गळून पडला आणि गावनाव उघडंच आडनाव झालं. म्हणून मिल्टन, प्रेस्टन, क्लिफ्टन, चर्चिल ही माणसांची नावं की गावांची, असा प्रश्न पडतो. दोन्ही.

दुसरं. सामान्य माणसाला गावावरून आडनाव मिळतं ते गाव सोडल्यावर. गावात राहणाऱ्या चारशे माणसांना गावाचं नाव लावून काय उपयोग, ओळख पटायला नको? साताऱ्यात कुणाला सातारकर म्हणत नाहीत, पुण्यात गेल्यावर म्हणतात. तेव्हा गावनावाचं आडनाव दिसलं की पूर्वज त्या गावात 'राहत' होते असं म्हणण्यापेक्षा 'तिथून निघाले' असं म्हणावं. अपवाद जहागीरदाराचा. गावच त्याचं असल्यामुळे तो गावात राहूनही ते नाव लावतो. विल्यम हा अपवाद.

---

चिकित्सक

एक व्यावहारिक पुरवणी, कारण परदेशातली मराठी मंडळी शेजाऱ्यांच्या वंशावळी हौसेने शोधत असतात.

गावावरून आलेलं आडनाव शोधताना पहिली चूक म्हणजे प्रसिद्ध गाव धरणं. इंग्लंडमध्ये न्यूटन नावाची गावं ढिगाने आहेत. न्यूटन म्हणजे 'नवी वाडी', आपल्याकडे नवापूर-नवेगाव असतात तशी. न्यूटन आडनावाच्या दोन कुटुंबांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसेल. मिल्टन आणखी फसवं: बहुतेक ठिकाणी ते 'मधली वाडी' असतं, काही ठिकाणी 'गिरणीची वाडी'. आजचं स्पेलिंग एकच.

म्हणून उलटं जायचं. माहीत असलेल्या पणजोबापासून मागे. १८३७ पासून जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी आहेत. त्याआधी चर्चच्या वह्या. त्या ठेवायचा हुकूम १५३८चा, पण सगळ्या गावांच्या वह्या तितक्या जुन्या उरलेल्या नाहीत. मग त्या आडनावाची माणसं १८८१च्या जनगणनेत कुठे दाटीने दिसतात ते पाहायचं. दाटी ज्या गावाभोवती ३०-४० किलोमीटरच्या आत आहे, ते गाव आधी तपासायचं. दाटी यॉर्कशरला आणि तुम्ही गाव धरलंय डेव्हनमधलं, तर थांबा.

दुसरी चूक स्पेलिंगची. एकाच माणसाचं नाव एका वहीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. वॉशिंग्टन शोधताना वेसिंग्टन, वॅसिंग्टन, व्हेसिंग्टन ही रूपंही शोधली नाहीत तर चौदावं-पंधरावं शतक हातातून निसटतं. १४१६ ते १४४६ डरहॅमच्या मठाचे प्रायर, म्हणजे मठप्रमुख, असलेले जॉन, आज त्यांना कुणी जॉन वॉशिंग्टन लिहितं तर कुणी जॉन वेसिंग्टन. माणूस एकच.

---

कोनाडा

मग जॉर्जपर्यंत कसं पोचलं ते कुणी सांगेल का? नॉर्थम्प्टनशरचं सलग्रेव्ह मॅनर, म्हणजे या घराण्याचा वाडा, मध्येच कुठून येतो?

---

जुनाखत

घराण्याची एक शाखा डरहॅमहून पश्चिमेला सरकली, लँकाशरमधल्या वॉर्टनला. त्या गावच्या चर्चच्या मनोऱ्यावर यांचं कुलचिन्ह दगडात कोरलेलं होतं. त्या शाखेतला लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीच्या धंद्यात नॉर्थम्प्टनला गेला, तिथला महापौर झाला. आठव्या हेन्रीने मठ मोडून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या तेव्हा, १५३९ मध्ये, लॉरेन्सने सेंट अँड्र्यू मठाची सलग्रेव्हची जमीन विकत घेतली. किंमत ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्स. डरहॅमची ४ पौंडांची नोंद आठवा.

पुढे त्याच वंशातले एक लॉरेन्स एसेक्समध्ये पर्ली इथे धर्मोपदेशक होते. इंग्लंडमधल्या यादवीच्या काळात, १६४३ मध्ये, त्यांना पदावरून काढलं. त्यांचा मुलगा जॉन १६५६-५७च्या सुमारास व्हर्जिनियात गेला आणि तिथेच राहिला. जॉर्ज हा त्या जॉनचा पणतू, जन्म १७३२.

कुलचिन्ह: पांढऱ्यावर दोन लाल आडवे पट्टे, वर तीन लाल तारे. हेच १९३८ पासून वॉशिंग्टन शहराचा ध्वज म्हणून फडकतंय. बाराव्या शतकात गावाची अदलाबदल करणाऱ्या घराण्याची खूण आज अमेरिकन राजधानीतल्या कचरागाड्यांवरही दिसते.

---

तिरपाकडा

बरं, मान्य. धुणं गेलं. आता एक सांगा. अमेरिकेत वॉशिंग्टन आडनावाची माणसं बहुतेक कृष्णवर्णीय का? ती सगळी जॉर्जच्या गुलामांची वंशज म्हणतात.

---

चिकित्सक

अर्धं खरं, अर्धं सरसकट.

आकडा खरा आहे. २००० सालच्या अमेरिकन जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची १,६३,०३६ माणसं होती आणि त्यातली ९० टक्के कृष्णवर्णीय. पण १७९९ मध्ये माउंट व्हर्ननवर, म्हणजे जॉर्जच्या इस्टेटीवर, ३१७ गुलाम होते. त्यातले १२३ जॉर्जच्या मालकीचे, ज्यांना त्यांच्या मृत्युपत्राने सोडलं. बाकीच्यांतले बहुतेक पत्नीच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीचे, त्यांना सोडण्याचा जॉर्जना अधिकारच नव्हता. शिवाय त्या सगळ्यांनी मालकाचं आडनाव घेतलं असंही नाही. जॉर्जच्या सोबत युद्धभर असलेला खासगी नोकर विल्यम ली, त्याने 'ली' हे आधीच्या मालकाचं नाव ठेवलं.

बहुतेकांनी हे आडनाव १८६५ नंतर, मुक्त झाल्यावर, स्वतः निवडलं. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांचं प्रसिद्ध आहे: शाळेत हजेरी घेताना इतर मुलांना दोन-दोन नावं आहेत हे त्या पोराच्या लक्षात आलं, आणि आपली पाळी आली तेव्हा त्याने 'बुकर वॉशिंग्टन' सांगितलं. त्यांच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं.

म्हणून वर लिहिलेली दाटी शोधण्याची पद्धत अमेरिकेत लावू नका. तिथे आडनाव गाव दाखवत नाही, रक्तही दाखवत नाही. वॉसाच्या वाडीशी त्या दीड लाख माणसांचा संबंध शब्दापुरता आहे.

---

हिरवाचाफा

अवांतर: आपला मुंबईतला लॅमिंग्टन रोडही 'इंग्टन'च की. तिथेही लॅमाची माणसं का?

---

पाणंद

नाही ताई, पुन्हा खोटा 'इंग'. लॅमिंग्टन हे गाव स्कॉटलंडमधलं, लॅनार्कशरचं. बाराव्या शतकातलं रूप 'लॅम्बिनचं टून' असं आहे, लॅम्बिन नावाच्या माणसाची वाडी. 'इन' होता, त्याचा 'इंग' झाला. आणि ते १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर असलेल्या साहेबांचं आडनावही नाही, सरदारकीचा किताब आहे. आडनाव कॉक्रेन-बेली. रस्त्याला किताबाचं नाव मिळालं.

त्यापेक्षा हॉर्नबी रोड, आताचा दादाभाई नौरोजी मार्ग, हे जास्त सरळ उदाहरण. १७७१ ते १७८४ मुंबईचे गव्हर्नर विल्यम हॉर्नबी, हे खरं आडनाव, गावावरून आलेलं. शेवटचा 'बी' डॅनिश लोकांचा, अर्थ वस्ती. टूनच्या जागी बी दिसला की समजायचं, नवव्या-दहाव्या शतकात इकडे डेन लोक येऊन बसले होते. हॉर्नबी नावाची गावं लँकाशर आणि नॉर्थ यॉर्कशरमध्ये आहेत, ससेक्समध्ये शोधायला जाऊ नका.

---

तिरपाकडा

मग शेजारच्या धाग्यावर जाऊन माझा +१ काढून येतो.